"मला काही नको"

परदेशी राहणाऱ्या भावंडाचं एक ठरलेलं वाक्य असतं : "घराचं तुम्ही काय ते ठरवा, मला काही नको." मीही तीन वर्षं हेच म्हणत होतो, आणि वर स्वतःला उदार समजत होतो. तेवढ्यात मिरजेच्या घराचा जिना खचला. माझी सही किंवा कुलमुखत्यारपत्र असल्याशिवाय दादाला ना पूर्ण घर विकता येत होतं, ना त्यावर कर्ज काढता येत होतं. फोनवरचं "नको" कायद्याला ऐकू येत नाही. खरंच नको असेल तर हक्कसोडपत्र करून ते नोंदवावं लागतं.

ते करायला मी निघालोच होतो. दादाने ताईचंही सोबत तयार ठेवलं होतं. तिला साडीचोळी केली की झालं!

इथे मी अडखळलो. घर बाबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मृत्युपत्र नाही, आईही गेलेली. म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिघांचे हिस्से सारखे. गंमत म्हणजे याच कायद्याच्या कलम २३ मुळे, भाऊ राहत्या घराची वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला ती मागता येत नसे. २००५ साली ते कलम गेलं. आमच्या घरातून जायला जरा जास्त वेळ लागला, इतकंच.

क्नास्टर नावाच्या पोलिश गणितज्ञाची एक रीत आहे. घर आपल्याला किती मोलाचं वाटतं ते प्रत्येकाने बंद चिठ्ठीत लिहायचं. मोठा आकडा लिहील त्याने घर घ्यायचं आणि इतरांना त्यांच्या-त्यांच्या आकड्याप्रमाणे हिस्सा द्यायचा. वर उरेल ते सगळ्यांत सारखं. रीत चोख आहे, पण डॉलर कमावणारा त्यात बसला की तोच जिंकणार आणि घराला कुलूप लागणार! म्हणून माझं स्पष्ट मत : परदेशस्थाने हिस्सा खुशाल घ्यावा, बोली मात्र लावू नये. माझा वाटा मी दोघांच्या आकड्यांच्या सरासरीवर ठरवायला सांगितला. आईचं आजारपण दादाने एकट्याने काढलं, तो खर्च आधी वजा.

दिवाळीत फोनवर चिठ्ठ्या उघडल्या. दादाचे ४८ लाख. ताईचे ६०.

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तिला इथं राहायचंय? कधी बोलली नाही ती."

असो. दादाचे पैसे आधी, माझे पाच वर्षांत, आणि दुसरी जागा मिळेपर्यंत दादा तिथेच, असं तूर्त ठरलंय. कागद वकिलाकडे आहेत. जिना ताई दुरुस्त करून घेतेय.