सुधाकराचे मूल वाचले असते तर

भयकादंबरीचे नाव निघाले की मराठी विभागात हसू फुटते. नारायण धारपांना आपण वाचनालयाच्या कपाटात जागा दिली, वर्गात दिली नाही. आम्ही शिकवतो ते कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव. येथे 'गुरुचरित्रा'ची पारायणे होतात. त्या ग्रंथात पिशाचबाधा आहे, ब्रह्मराक्षस आहे, आणि ते वाचताना कोणी हसत नाही. मग कादंबरीपाशीच हे सोवळे कशाला?

आमचे भांडण मात्र निराळेच आहे. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. सुधाकराचे अधःपतन, सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद यांवर प्रश्न ठरलेले असतात. सुधाकराच्याच हातून मरणाऱ्या तान्ह्या मुलावर प्रश्न नसतो. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, ते मूल वाचले असते तर?" प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असे सांगून आम्ही पुढे गेलो. त्याच्या घरची स्थिती आम्हाला पुष्कळ उशिरा कळली.

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सापडले ते, कबूल करायला संकोच वाटतो, स्टीफन किंगच्या 'डॉक्टर स्लीप' (२०१३) या कादंबरीत. 'द शायनिंग' (१९७७) मध्ये दारूच्या भरात बाप तीन वर्षांच्या डॅनीचा हात मोडतो. पुढे बाप मरतो, मूल वाचते. छत्तीस वर्षांनी आलेल्या उत्तरार्धात तोच डॅनी बाटलीपाशी बसलेला दिसतो. दुसऱ्यांच्या मनातले आणि मेलेल्यांचे दिसणारी त्याची दृष्टी बोथट व्हावी म्हणून तो पितो. आणि बापाचा संतापही त्याच्यात उतरला आहे. आपल्या समीक्षेला हे 'अद्भुत' वाटते. आम्हाला तर हा वास्तववाद वाटतो.

या कादंबरीतले खलपात्रांचे टोळके आम्हाला फारसे भिववत नाही. तो भाग सैल आहे. खरे भय सुरुवातीच्या एका सकाळी आहे. डॅन एका गरीब बाईच्या पर्समधले पैसे चोरतो आणि दंडावर वळ असलेल्या तिच्या लहानग्याला तसेच टाकून निघून जातो. आपल्यावर जे गुदरले त्याकडे तो पाठ फिरवतो. दारू सोडून वर्षे लोटली तरी त्याला हे बोलता येत नाही. शेवटी व्यसनमुक्तांच्या सभेत तो ते सांगतो. मधल्या काळात तो मरणासन्नांच्या उशाशी बसतो.

गडकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवातच १९३५ ची, आणि पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले १९८६ मध्ये. प्याला सुटत नाही, हे त्यांच्या काळाचे निदान होते. ते आजही परीक्षेत 'नाटकाचा संदेश' म्हणून लिहून घेणारे आपण आहोत, आणि ते उत्तर लिहिणाऱ्यांत सुधाकराची मुले असतात.

यंदा हा प्रश्न आम्ही स्वाध्यायात घातला आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा पदवी न घेताच गेला.