दंडनीती आणि भिंतीतील पोथी

रत्नागिरीकडील वाचकास ब्रह्मदेशचा थिबा राजा ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. इ. स. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्यास पदच्युत केले, पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेविले आणि १९१६ साली तो येथेच निवर्तला. त्याचा राजवाडा आम्हां मिरजोळेकरांस शेजारचाच. परंतु त्या ब्रह्मदेशाच्याही पलीकडे चीनचे जे विशाल राष्ट्र पसरले आहे, त्याच्या पुरातन राजकुलांविषयी व विचारपंथांविषयी आमच्या घरांतून बहुधा काहीच बोलणे होत नाही. वस्तुतः ओळख जुनी आहे. कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुक येते, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्ट येते. रेशीम आले, पण ते विणणाऱ्या लोकांचे राजे कोण आणि त्यांचे आचार्य कोण, हे विचारावयाचे राहून गेले. या महिन्यात तेवढेच पाहू.

चिनी परंपरा आपल्या राजकुलांचा आरंभ श्या वंशापासून करते. परंतु त्यास समकालीन लेखाचा आधार मिळालेला नाही. त्यापुढील शांग वंशाची गोष्ट निराळी. कासवांच्या कवचांवर व गुरांच्या हाडांवर त्या राजांनी कोरविलेले प्रश्न उपलब्ध आहेत. पाऊस पडेल काय, स्वारीस यश येईल काय, असे ते पितरांस व देवतांस विचारीत. ही अक्षरे १८९९ च्या सुमारास विद्वानांनी ओळखली आणि १९२८ पासून आन्यांग येथे उत्खनन होऊन शांगांची राजधानीच उजेडात आली. इ. स. पूर्वी सुमारे १०४६ मध्ये चौ वंशाने शांगांचा उच्छेद केला व त्या कृत्याचे समर्थन एका सिद्धांताने केले. राज्य हे स्वर्गाने दिलेली आज्ञा होय. राजा दुराचारी झाला म्हणजे ती आज्ञा त्याजपासून काढून घेतली जाते, असा तो सिद्धांत. आमच्या पुराणांतील वेन राजाची कथा ज्यांस स्मरते, त्यांस यात नवल वाटणार नाही.

पुढे चौ राजे नामधारी झाले, मांडलिक प्रबळ झाले आणि शतकानुशतके युद्धे चालली. याच अंदाधुंदीत चीनचे थोर विचारवंत निपजले. कन्फ्यूशियस (इ. स. पू. ५५१ ते ४७९) म्हणे की, राजा सदाचरणी असावा, विधी व मर्यादा पाळाव्या, म्हणजे प्रजा धाकावाचून सन्मार्गास लागते. मो-त्झे याने आपपर भेद न करता सर्वांवर प्रेम करावे असे शिकविले आणि परराज्यावर चालून जाणे हा अपराध ठरविला. लाओ-त्झे याच्या नावे चालणाऱ्या पंथाने राजास सांगितले की, जितके कमी कराल तितके बरे. मेन्शियसने तर जुलमी राजाच्या वधास राजवध म्हणावयाचेच नाकारले.

या सर्वांहून वेगळा एक पंथ होता. हान फेइ हा त्याचा प्रमुख ग्रंथकार. माणसाच्या सद्गुणावर राज्य सोपविणे हा वेडेपणा होय. कायदा स्पष्ट असावा, बक्षीस व शिक्षा निश्चित असावी आणि प्राचीनांच्या गोष्टी सांगणाऱ्या पंडितांस राज्यात थारा नसावा, असे त्याचे मत. आमच्याकडे कौटिल्याने विद्या किती याचा विचार करताना पूर्वाचार्यांची मते दिली आहेत. त्यांत औशनस पंथाचे मत असे की, दंडनीती हीच एक विद्या. कौटिल्य ते मान्य करीत नाही. आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता व दंडनीती अशा चारही विद्या तो मानतो. औशनसांचे मत आमच्या ग्रंथांतून पूर्वपक्ष म्हणून राहिले. चीनमध्ये ते प्रत्यक्ष राजसिंहासनावर बसले.

ते सिंहासन चिन राज्याचे होय. चीन हे नावही याच राज्यावरून पडले, असे पुष्कळ विद्वान मानतात. इ. स. पू. २२१ मध्ये चिनच्या राजाने सर्व प्रतिस्पर्धी जिंकले आणि शी-हुआंग, म्हणजे पहिला सम्राट, असे बिरुद धारण केले. वजने, मापे, लिपी, इतकेच नव्हे तर गाड्यांच्या चाकांतील अंतरही त्याने सर्वत्र एक केले. हे कार्य लहान नव्हे. परंतु इ. स. पू. २१३ मध्ये ली स्सू या प्रधानाने त्यास सांगितले की, पंडित लोक जुन्या ग्रंथांचा दाखला देऊन आजच्या कारभारास नावे ठेवतात. यावरून आज्ञा सुटली की वैद्यक, शकुन व शेती यांवरील ग्रंथ वगळून, लोकांच्या घरी असलेले काव्याचे, जुन्या राजांच्या वचनांचे व निरनिराळ्या पंथांचे ग्रंथ जाळून टाकावे. सरकारी पंडितांजवळच्या प्रती तेवढ्या राहिल्या. पुढील वर्षी चारशेंहून अधिक पंडित जिवंत पुरले असेही स्स-मा छ्येन हा इतिहासकार सांगतो. तो सुमारे शंभर वर्षांनंतरचा, आणि या गोष्टीविषयी आजचे अभ्यासक साशंक आहेत.

इ. स. पू. २१० मध्ये सम्राट वारला. पुढच्याच वर्षी सीमेवर रखवालीस निघालेल्या नऊशे लोकांची वाट पावसाने अडली. पावसाने वाट अडणे म्हणजे काय, हे कोकणातील माणसास सांगावयास नको. त्याच इतिहासकाराच्या कथनानुसार, उशिराबद्दल देहान्त ठरलेलाच, मग बंड करून मेलेले काय वाईट, असा विचार करून ते उठले. हा कायदा खरोखर इतका क्रूर होता काय, याविषयी आता शंका घेता येते. कारण १९७५ साली एका चिन अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे सापडले, त्यांत वेठीच्या कामास उशीर झाल्यास ढाल वा चिलखत इतकाच दंड सांगितला आहे. ते कसेही असो, बंडाचा वणवा देशभर पसरला. इ. स. पू. २०६ मध्ये राजधानी बंडखोरांच्या हाती जाऊन भस्मसात झाली. साम्राज्य पुरती सोळा वर्षेही टिकले नाही. सरकारी प्रतीही राजधानीबरोबर जळाल्या, असे मानतात.

मग ग्रंथ वाचले कसे? चिनान प्रांतात फू शंग नावाचा एक पंडित होता. आज्ञा सुटताच त्याने प्राचीन राजवचनांचा ग्रंथ घराच्या भिंतीत दडविला. युद्धे शमल्यावर त्याने भिंत उकलली, तो पुष्कळ भाग नष्ट झालेला आढळला. एकोणतीस प्रकरणे तेवढी हाती लागली. ती घेऊन त्याने आपल्या भागात शिष्यांस शिकविण्यास आरंभ केला. हान वंशाच्या वन सम्राटाने (इ. स. पू. १८० ते १५७) तो ग्रंथ जाणणाऱ्याचा शोध करविला, तेव्हा फू शंग नव्वदीच्या पुढे गेला होता व त्यास प्रवास करवत नव्हता. म्हणून सम्राटाने छाओ त्स्वो या अधिकाऱ्यास त्याच्या घरी पाठविले. परंपरा सांगते की, वृद्धाचे बोल अस्पष्ट झाले होते. त्याची कन्या शेजारी बसून अर्थ उलगडून सांगे. चीनच्या पुढील राजनीतीचा एक आधारग्रंथ असा एका शिक्षकाच्या व त्याच्या मुलीच्या मुखातून परत मिळाला.

हानांनी चिनांचे कायदे व अधिकारीमंडळ पुष्कळसे तसेच ठेविले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्यांनी इ. स. पू. १९१ मध्ये ग्रंथबंदी उठविली आणि इ. स. पू. १२४ मध्ये राजधानीत विद्यापीठ स्थापून पन्नास विद्यार्थ्यांची सोय केली. दंडास त्रयीची व आन्वीक्षिकीची जोड मिळाली, आणि मध्यंतरीचा एक खंड धरून तो वंश इ. स. २२० पर्यंत टिकला. आमच्याकडे याच कालखंडात सातवाहन नांदत होते. कौटिल्याची दृष्टी व्यवहारात खरी ठरलेली पाहावयाची असेल, तर ती चीनच्या या दोन राजकुलांच्या तुलनेत दिसते.

आणि त्या कौटिल्याच्या ग्रंथाची कथा तरी काय? तोही शतकानुशतके लुप्त मानला जात होता. तंजावरकडील एका पंडिताने आपल्या जवळची हस्तलिखित प्रत म्हैसूरच्या ग्रंथालयास दिली, शामशास्त्री यांनी ती १९०५ मध्ये ओळखली व १९०९ मध्ये छापून काढली. उलट बाजूने चीननेही आमचे ग्रंथ राखले. विमुत्तिमग्ग या ग्रंथाचे मूळ हरपले, पण सहाव्या शतकाच्या आरंभी झालेले त्याचे चिनी भाषांतर उरले, पुण्याच्या प्रा. पु. वि. बापट यांनी चिनी भाषा शिकून त्याची विसुद्धिमग्गाशी तुलना केली व तो प्रबंध १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध केला.

वाचकहो, आज ग्रंथ जाळण्याची आज्ञा कोणी सोडलेली नाही. तिची गरजही उरलेली नाही. आमच्या जिल्ह्यात गावोगाव कुलपे लागलेली घरे आहेत. मुले मुंबईस, पुण्यास वा परदेशी. माळ्यावर लाल रुमालात बांधलेल्या आजोबा-पणजोबांच्या पोथ्या, खाली वाळवी, वर गळके कौल. शी-हुआंगचे काम दोन पावसाळे मुकाट्याने करतात. म्हणून आमची विनंती इतकीच की, येत्या सुटीत गावी याल तेव्हा ते रुमाल सोडावे, पाने मोजावी, ग्रंथाचे नाव व शेवटी लेखकाने घातलेला शक टिपून घ्यावा. घरी सांभाळणे अशक्य असल्यास १९१७ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थेशी पत्रव्यवहार करावा. आणि घरात कोणी नव्वदीकडे झुकलेले, पाठ येणारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ नातवास बसवावे, आणि नातीसही बसवावे. बोल अस्पष्ट झाले असले तरी अर्थ अजून शाबूत असतो. तो आहे तोवर लिहून घ्यावा.