आधीची बाई का गेली?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. शाळेत पोषण आहार शिजवण्याचं काम, पदरात दोन मुलं. नवऱ्याचा मार, सासरचा जाच, आपल्या सगळ्यांना पाठ असलेलीच कहाणी. अर्ज लिहून झाले, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या झाल्या, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज कोर्टात दाखल झाला. राहायचं कुठे हा प्रश्न तेवढा राहिला. माहेरी दोन महिने निभावलं, तिसऱ्या महिन्यात भावजयीची कुरकुर सुरू झाली. शेवटी ओळखीतून शहराच्या कडेला एक खोली मिळाली.

खोली बघायला मीच तिच्याबरोबर गेले होते. मालक पन्नाशीचे, कपाळाला गंध, बोलणं गोड. नवरा कुठे असतो, रात्री किती वाजता घरी येणार, असलं काहीही त्यांनी विचारलं नाही. उलट म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका. माझ्या मुलीसारखी राहील इथे. आपल्या माणसांत कागद कशाला?" वीस हजार रुपये डिपॉझिट रोख घेतलं. पावती दिली नाही, आम्ही मागितली नाही. बाहेर पडल्यावर मी तिला म्हटलं, "नशीब तुझं, भला माणूस मिळाला."

पाचव्या महिन्यात हा भला माणूस रात्री नऊनंतर मीटर बघायला यायला लागला. सब-मीटर खोलीच्या आतच होतं. मग छत गळतंय का ते बघायला, मग नळाचा वॉशर बदलायला. एका रात्री तिने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी वीज गेली, फक्त तिच्या खोलीची. तिसऱ्या दिवशी निरोप आला, दोन दिवसांत खोली रिकामी कर. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, "तुम्ही तिथे राहता याला पुरावा काय?" तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

ही चूक तिची नव्हती, माझी होती. एम. एस. डब्ल्यू.च्या दोन वर्षांत घरभेट कशी घ्यायची, नोंदी कशा ठेवायच्या हे मी शिकले. पण बाईला नवऱ्याच्या घरातून बाहेर काढून ज्या दुसऱ्या पुरुषाच्या घरात आपण नेऊन बसवतो, त्या घराची चौकशी करणं हे आपलं काम आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. आपल्या बहुतेक केंद्रांत हीच स्थिती असावी असं मला वाटतं. केसचं काम ते काम, खोली शोधणं म्हणजे ओळखीपाळखीची मदत.

शिवाय एकटी बाई घर बघायला जाते ती मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाला गेल्यासारखी. मालक बघणार, मालक विचारणार, मालक पसंत करणार. घटस्फोटित आहात का? नातेवाईक येतात का? मांसाहार करता का? आडनाव काय? आडनावाच्या प्रश्नामागे काय दडलेलं असतं ते दलित आणि मुसलमान मैत्रिणींना सांगायला नको. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावं लागलं आणि तिथूनही त्यांना हाकलण्यात आलं. या सगळ्या प्रश्नांतून पार पडून जिला 'हो' मिळतं, ती इतकी हायसं वाटून घेते की उलटा प्रश्न विचारायचं तिला सुचत नाही. म्हणूनच काही न विचारणारा मालक आपल्याला देवमाणूस वाटतो. मला वाटला होता.

माझं आता असं मत झालं आहे की "मुलीसारखी राहील" हे वाक्य ऐकलं की आपण सावध व्हायला हवं. मुलीला करार नसतो, पावती नसते, दाराला आतून कडी लावायचा अधिकार नसतो. मुलीच्या खोलीत बाप न विचारता येतो. नोकरी लागल्यावर मी स्वतः एका कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होते. घरमालकांना काका म्हणायची. माझी पत्रं उघडी मिळायची, कपाटातल्या वस्तू हललेल्या असायच्या. तक्रार केली तर काकू दुखावल्या, "अगं, आम्ही तुला परकी मानत नाही म्हणून!" मला परकीच मानून घ्यायची होती. भाडं देणारी परकी, जिची खोली तिची असते.

तेव्हा पहिली खूण कागदाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ असायला हवं. जागा भाड्याने दिलेली असो की लिव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, बाईवर नाही. मालकाने ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्या माणसाचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, दुसरी बाजू सिद्ध होईपर्यंत.

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हे एजंट छातीठोकपणे सांगतात. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही असं जुन्या केंद्रीय नोंदणी कायद्यात आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ती चालत नाही. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणला की झाला करार, हाही असाच गैरसमज. आता ही नोंदणी ऑनलाइन होते, घरबसल्या अंगठ्याचा ठसा घेऊन. तरीही मालक टाळाटाळ करत असेल, तर का टाळतो ते विचारावं. कधी भाड्याचं उत्पन्न लपवायचं असतं. कधी जागाच त्याची नसते.

त्यासाठी वीजबिल, घरपट्टीची पावती, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट बघायला मागावं. दाखवणारा माणूस वेगळा, पैसे घेणारा वेगळा आणि बिलावरचं नाव तिसरंच असेल तर तिथून निघावं. मुंबईत 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार आहे. काही लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाममात्र. पोटगीची एकरकमी रक्कम किंवा दागिने मोडून आलेले पैसे हातात असलेल्या बाईला हा सौदा फार मोहाचा वाटतो. पण फ्लॅटवर कर्ज असेल आणि हप्ते थकलेले असतील तर एक दिवस दारावर बँकेची नोटीस लागते. घर बँकेकडे जातं आणि डिपॉझिट मालकाच्या खिशात राहतं. आणि जागा न बघता फोनवरच टोकन मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. हल्ली लष्करातला जवान असल्याचं सांगून, बदली झाली म्हणून घर द्यायचंय असं भासवणारे भामटेही आहेत.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. कागद झाला म्हणजे बाई सुरक्षित झाली असं नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसते, परवानाधारक असते. भाडेकरूचं वीज-पाणी सबळ कारणाशिवाय तोडू नये असं कलम २९ सांगतं, पण ते 'भाडेकरू'बद्दल बोलतं. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली तिला लवकर बाहेर काढता येतं आणि दुप्पट रक्कम वसूल होऊ शकते. म्हणून जे हवं ते करारातच लिहून घ्यावं. वीज-पाणी चालू राहील, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, किल्ली परत दिल्याच्या दिवशी डिपॉझिट परत. घरात काय काय आहे आणि काय मोडकं आहे त्याची यादीही जोडावी. मालकाने पाहणीला यायचं ते आधी कळवून आणि सोयीच्या वेळी. ही शेवटची अट तर कलम २८ मध्ये आहेच, आणि तिथे परवानाधारकाचाही उल्लेख आहे. कराराचा मसुदा वाचायला न देता "इथे सही करा" म्हणणारा, कोऱ्या कागदावर सही किंवा मूळ आधार कार्ड ठेवून घेणारा मालक नको. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच असावं असं म्हटलं आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण घासाघीस करताना बोलायला उपयोगी पडतो.

आता कागदापलीकडचं. खोली दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा बघावी. आतली कडी लागते का? दाराला फट आहे का? संडास कुठे आहे, तिथे दिवा आहे का, वाटेत पुरुषांचा अड्डा बसतो का? मीटर आत की बाहेर? (हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारते.) मालकाकडे दुसरी किल्ली राहणार असेल तर आपलं कुलूप लावायची परवानगी आहे का? कॅमेरा असेल तर तो गल्लीकडे बघतो की आपल्या दाराकडे? बाईला चोरून बघणं किंवा तिचे फोटो काढणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली. पाठलागाचं कलम ७८. मालक आहे म्हणून त्याला यातून सूट नाही.

आणि शेजारणीला विचारावं, आधीची बाई का गेली? नळावर, दुकानात, पाळणाघरात. पुरुष सांगतात, "बदली झाली, लग्न झालं." बायका आधी गप्प बसतात. मग विचारतात, "तुम्ही एकट्याच राहणार का?" त्या प्रश्नातच उत्तर असतं. दोन वर्षांत चार भाडेकरू बदललेली खोली स्वस्त असली तरी घेऊ नये.

काहीजणी म्हणतील, हे सगळं फ्लॅट घेणाऱ्या नोकरदार बायकांना ठीक आहे. वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीला कसला नोंदणीकृत करार? खरं आहे. तिथे चाळमालकाकडेच कागद नसतो, आणि जास्त विचारणारी बाई त्याला नको असते. म्हणून तिथे खुणा टिपायच्या आणि पुरावे साठवायचे. भाडं रोख न देता खात्यावर किंवा फोनवरून पाठवायचं, रोखच द्यावं लागलं तर छोट्या वहीत तारीख घालून सही घ्यायची. मुलांच्या शाळेत पत्ता बदलून घ्यायचा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली का ते विचारायचं, दिली नसेल तर द्यायचा आग्रह धरायचा. हे पुरावे कोर्टातही उपयोगी पडतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली नवऱ्याने पर्यायी घर द्यावं किंवा त्याचं भाडं भरावं असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. पण भाडं किती आणि कुणाला देते हे दाखवायला काही नसेल तर वकील तरी काय मांडणार?

आमच्या त्या बाईचंही शेवटी अशाच पुराव्यांवर निभावलं. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत तिच्या नावापुढे खोलीचा पत्ता पाच महिने लिहिलेला होता, आणि शाळेच्या दाखल्यावर तोच पत्ता होता. वकिलांनी नोटीस पाठवली. करार नोंदवला नाही ही मालकाची कसूर आहे, हे त्यात कलमासकट होतं. मालकाने बारा हजार दोन हप्त्यांत परत केले. आठ हजार अजून यायचे आहेत. रात्रीच्या 'मीटर बघण्या'ची तक्रार मात्र तिने दिली नाही. कोर्टात आधीच एक केस चालू आहे, दुसरी झेपणार नाही म्हणाली. मी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता का, यावर आमच्यात अजून वाद आहे.

आता केंद्रात एक वही केली आहे. खोली बघायला कुणी जाणार असेल तर दुसरी कुणीतरी बरोबर जाते आणि काय बघितलं ते वहीत लिहिते. चांगल्या मालकांचीही नोंद होते, कारण तेही आहेत. एका मालकीणबाईंनी स्वतःहून करार नोंदवून दिला आणि कुलूप बदलून घ्यायला सांगितलं. वाईट अनुभवांच्या नोंदी आम्ही बाहेर देत नाही, पण नवी बाई आली की तिला बसवून वाचून दाखवतो. तुमच्या गावात, तुमच्या गटात हे काम कसं करता? मालक कसे पारखता, फसलात तर पैसे कसे सोडवले? लिहून पाठवा. पुढच्या अंकात सगळ्यांचे अनुभव एकत्र देता येतील.