विश्लेषण : ज्येष्ठांची झोपेची गोळी वर्षानुवर्षे सुरूच का राहते? धोका काय, उपाय काय?

दोन-चार आठवड्यांसाठी लिहून दिलेली झोपेची गोळी अनेक घरांत दहा-दहा वर्षे सुरू असते. डॉक्टर बदलतात, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या बदलतात, पण रात्रीची ती छोटी गोळी तशीच राहते. मग एखाद्या रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले’. अशा वेळी वयाइतकाच विचार त्या गोळीचाही व्हायला हवा.

या गोळ्या नेमक्या कोणत्या?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिन गटातील औषधे. झोल्पिडेमची रचना वेगळी असली तरी मेंदूवर ते साधारण त्याच मार्गाने काम करते. चेतापेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम ही औषधे वाढवतात. त्यामुळे चिंता कमी होते, झोप येते. पण तोल, सावधपणा आणि स्मरणशक्तीही मंदावते.

याशिवाय ‘झोपेची’ म्हणून ओळखली न जाणारी पण गुंगी आणणारी औषधेही असतात. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामाइन, मज्जातंतूंच्या वेदनेसाठीचे प्रेगाबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन, वेदनाशामक ट्रामाडॉल ही त्यातली काही. एकेक औषध सोसले तरी दोन-तीन एकत्र आली की गुंगी वाढते.

तीच गोळी म्हातारपणी जास्त का चढते?

वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते आणि चरबीचे वाढते. डायझेपामसारखे औषध चरबीत साठून राहते. यकृताचे कामही मंदावते. तरुण व्यक्तीच्या शरीरातून निम्मे डायझेपाम बाहेर पडायला साधारण एक दिवस लागतो. ऐंशीच्या घरातील व्यक्तीला तीन दिवसांहून अधिक लागू शकतात. म्हणजे कालची गोळी उतरण्याआधीच आजची गोळी पोटात जाते. शिवाय वृद्ध मेंदू या औषधांना अधिक संवेदनशील असतो. त्यामुळे चाळिशीत मानवलेली मात्रा पंचाहत्तरीत जास्त ठरू शकते.

धोका किती गंभीर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोकांचा पडल्यामुळे मृत्यू होतो आणि त्यात साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. पडण्याची कारणे अनेक असतात; गुंगीची औषधे हे त्यातले टाळता येण्याजोगे कारण आहे.

ज्येष्ठांसाठी घातक ठरू शकणाऱ्या औषधांची ‘बीअर्स निकष’ ही यादी १९९१ मध्ये प्रथम तयार झाली. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. ६५ वर्षांवरील व्यक्तींना बेंझोडायझेपिन आणि झोल्पिडेमसारखी औषधे शक्यतो देऊ नयेत, असे ती सांगते. अपस्मार, दारू सोडताना होणारा त्रास, तीव्र चिंताविकार अशा काही स्थितींत बेंझोडायझेपिनची गरज मान्य केली आहे.

अर्धवट झोपेत चालणे, स्वयंपाक करणे किंवा गाडी चालवणे असे प्रकार झोल्पिडेममुळे घडल्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये त्यावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. अफूवर्गीय वेदनाशामके किंवा मद्य यांच्यासोबत ही औषधे घेतल्यास श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

आणखी एक धोका सहज लक्षात येत नाही. विसरणे, गोंधळणे, दिवसा पेंगणे ही औषधाची लक्षणे स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजली जातात आणि त्यासाठी आणखी एक गोळी सुरू होते.

कायदा काय सांगतो?

भारतात १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम त्यात येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि दिलेले प्रमाण यांची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपायची असते. राज्यात यावर अन्न व औषध प्रशासनाची देखरेख असते.

मात्र ही वही विक्री नोंदवते. रुग्ण किती वर्षे गोळी घेतो आहे आणि तिची अजून गरज आहे का, हे ती विचारत नाही. ओळखीच्या दुकानात जुनी चिठ्ठी चालून गेली, तर तो प्रश्न कोणीच विचारत नाही. हृदयाचे, हाडांचे आणि मधुमेहाचे डॉक्टर वेगवेगळे असले की प्रत्येकाला वाटते, ही गोळी दुसऱ्याची आहे.

मग गोळी आजच बंद करावी का?

नाही. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवली तर प्रचंड अस्वस्थता, हात थरथरणे, भ्रम, अगदी झटकेही येऊ शकतात. अमेरिकेतील व्यसनवैद्यक संघटनेने इतर वैद्यकीय संघटनांसह २०२५ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्क्यांनी कमी करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट सहसा करू नये. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

मात्रा घटवताना काही दिवस झोप बिघडू शकते. ‘गोळीशिवाय झोपच नाही’ असे तेव्हा वाटते, पण बरेचदा तो औषध सुटतानाचा तात्पुरता परिणाम असतो.

ज्येष्ठांना हे जमते का?

कॅनडातील क्युबेक प्रांतात ६५ वर्षांवरील ३०३ जणांवर झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत बोलका आहे. काहींना गोळीचे धोके आणि ती हळूहळू कमी करण्याची पद्धत सांगणारी पुस्तिका दिली गेली. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते.

गोळीऐवजी काय?

आधी झोप का मोडते ते शोधावे लागते. प्रोस्टेटचा त्रास, गुडघेदुखी, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, नैराश्य, उशिराचा चहा, दुपारची लांबलेली झोप यांपैकी काहीही असू शकते. वयानुसार झोप हलकी होणे आणि पहाटे लवकर जाग येणे हा आजार नव्हे. दीर्घकालीन निद्रानाशावर झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती हा पहिला उपाय असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे.

घरच्यांनी काय करावे?

- सर्दीच्या आणि आयुर्वेदिक औषधांसह घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांना दाखवावीत.
- ‘ही गोळी कशासाठी, कधीपर्यंत आणि कमी कशी करायची?’ हे स्पष्ट विचारावे.
- शेजाऱ्याची किंवा नातेवाइकाची झोपेची गोळी घेऊ नये, आपली कोणाला देऊ नये.
- नवी गोळी सुरू झाल्यावर तोल जाणे, बरळणे किंवा जास्त पेंगणे दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवावे.
- बिछान्यापासून बाथरूमपर्यंत रात्री मंद दिवा असावा, वाटेत पायपुसणी किंवा सतरंजी नसावी.