नर्मदेतल्या टेकड्या विकायला काढू नका!

देवगोईचा घाट चढून मोलगीला आलं की बहुतेक जण इथेच थांबतात. बाजार करतात, भगर-आमचूर घेतात आणि परत फिरतात. पण मोलगीच्या पलीकडे सातपुडा नर्मदेकडे उतरत जातो. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, डनेल, मुखडी ही अक्कलकुवा तालुक्यातली गावं त्याच उतारावर आहेत. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा खालची शेतं, मोहाची झाडं, देवस्थानं बुडाली. डोंगरांचे माथे तेवढे पाण्यावर राहिले. त्यातल्या काही टेकड्यांना आता चहूबाजूंनी पाणी आहे. या बेटांवर आणि त्यांच्या काठांवर ना हॉटेल आहे, ना तंबू, ना तिकिटाची खिडकी. हे असंच राहावं, यासाठी हा लेख.

या काठांवर माणसं येतात आणि मनापासून येतात. मासेमार इथे जाळी टाकतात, पोरं डुंबतात, पाहुणे आले की त्यांना होडीतून फिरवून आणलं जातं. संक्रांतीला नर्मदेच्या पूजेसाठी सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांतून माणसं काठावर उतरतात. आणि होडी म्हणजे इथे निव्वळ हौस नव्हे. दवाखाना पाण्यावरून तरंगत येतो, शाळेत जायलाही पाणी ओलांडावं लागतं. २०२०च्या कोरोनाकाळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोहोचल्या. ज्या पाण्याने गावं तोडली, त्याच पाण्यावर या लोकांनी पुन्हा एकमेकांकडे जाणारी वाट काढली. म्हणून या बेटांवर पहिला हक्क त्यांचा.

धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे पाणी अठ्ठावीस मीटरपर्यंत वर-खाली होऊ शकतं. पावसाळ्यानंतर जो काठ दिसतच नाही, तो उन्हाळ्यात उघडा पडतो. अशा काठावर सिमेंट ओतलं, सांडपाण्याचे खड्डे खणले, तर पुढच्या पाण्याबरोबर ती सगळी घाण नर्मदेत उतरणार. तेच पाणी इथली माणसं आणि गुरं पितात, त्यातल्याच माशांवर विस्थापितांची चूल पेटते.

ही भीती मनाने रचलेली नाही. याच धरणाच्या खालच्या अंगाला केवडियात ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचं उद्घाटन झालं. त्यानंतर तिथे हॉटेलं, तंबूंची वस्ती, बागा उभ्या राहिल्या, बोटींच्या फेऱ्या सुरू झाल्या. आणि आसपासच्या आदिवासी गावांनी जमिनीसाठी पुन्हा आंदोलनं केली. ती गावं आणि मणिबेली एकाच नर्मदेच्या काठावर आहेत. पर्यटनाचा हा ओघ वर सरकत आपल्या टेकड्यांपर्यंत यायला फार वर्षं लागणार नाहीत. तो आल्यावर विरोध करण्यापेक्षा, येण्याआधीच आपले नियम ठरवून ठेवणं शहाणपणाचं.

कायदा आपल्या बाजूला आहे. अक्कलकुवा आणि धडगाव हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा लागू आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने जंगल, जलस्रोत आणि आपला सांस्कृतिक वारसा राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हा अधिकार कागदावर राहिला तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून काठावरच्या प्रत्येक ग्रामसभेला विनंती: येत्या सभेत ठराव करा. बेटांवर आणि काठावर पक्कं बांधकाम नको. बाहेरच्या कोणालाही जागा भाड्याने नको. होडीचा फेरा गावच्याच होडीवाल्याचा, आणि त्याचे पैसे गावातच राहायला हवेत.

शासनाकडे मागणी एवढीच: ग्रामसभेच्या संमतीशिवाय इथल्या एका टेकडीचाही करार करू नका. आणि सोयी द्यायच्याच असतील तर आधी जीव वाचवणाऱ्या द्या. १५ जानेवारी २०१९ रोजी, ऐन संक्रांतीला, धडगाव तालुक्यातल्या भूषाजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली आणि लहान मुलांसह अनेकांचे जीव गेले. लाइफ जॅकेट, बोटींची तपासणी, किती माणसं बसवायची याची सक्त मर्यादा आणि सणाच्या दिवशी काठावर बचाव पथक, हा इथला खरा विकास आहे.

आणि पाहुण्यांनो, तुम्ही जरूर या. गावच्या होडीत बसा, जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. प्लास्टिक, दारू आणि लाऊडस्पीकर आणू नका. जे आणाल ते परत न्या. अंधार पडण्याआधी काठ सोडा. कोणाच्या घराचे, बायामुलांचे फोटो न विचारता काढू नका.

या माणसांनी देशाच्या धरणासाठी आपली सुपीक जमीन दिली. उरलेल्या टेकड्याही त्यांच्याकडून काढून घेतल्या, तर तो विस्थापनाचा दुसरा हुकूम ठरेल. तो निघू देऊ नका. पुढच्या ग्रामसभेला हजर राहा, हात वर करा आणि ठराव लिहून घ्या.