हिम वेळेआधी पडले, की शासनच उशिरा जागे झाले?

काश्मीर खोऱ्यात ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. शासकीय पंचांगातही हिवाळा त्याच दिवशी उजाडत असावा. निसर्ग मात्र ते पंचांग उघडून पाहत नाही. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी खोऱ्यात जोरदार हिमवृष्टी झाली. जम्मू-श्रीनगर महामार्ग ठप्प झाला आणि जवाहर बोगद्याच्या परिसरात शेकडो प्रवासी अडकले. शोपियानला पूंछशी जोडणाऱ्या मुघल मार्गावर, पीर की गलीच्या उंचीवर अडकलेल्यांना लष्कराने व पोलिसांनी बाहेर काढले. ‘अकाली संकट’ असे म्हणून प्रशासनाने हात वर केले. सुमारे एका वर्षाने, ७ नोव्हेंबर २०१९ रोजी, तेच घडले. महामार्ग बंद पडला, विजेचे खांब कोसळले, खोऱ्याचा मोठा भाग अंधारात गेला. पहिल्या वर्षी निसर्गाने फसवले असे म्हणता येईल. दुसऱ्या वर्षी कोणी फसवले?

नोव्हेंबरातील हिम जानेवारीतील हिमापेक्षा अधिक घातक असते, ही गोष्ट खोऱ्यातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. जानेवारीत झाडे निष्पर्ण असतात, हिम कोरडे व हलके असते. नोव्हेंबरात फांद्यांवर पाने असतात आणि पडणारे हिम ओलसर व जड असते. पानापानावर साचलेल्या त्या भाराने पंधरा-वीस वर्षे जोपासलेले सफरचंदाचे झाड बुंध्यापासून दुभंगते. रस्त्यावरही तीच गत. दिवसा वितळलेल्या हिमाचा चिखल रात्री गोठून काचेसारखा होतो. चाकांना साखळ्या नसलेली मालमोटार त्यावर आडवी झाली, की मागची संपूर्ण रांग अडकते; मग हिम हटवणारे यंत्र असले तरी ते तेथवर पोहोचणार कसे? म्हणूनच रस्ता बंद पडल्यानंतर होणारी धावपळ ही तयारी नव्हे. तयारी म्हणजे यंत्रे, वाळू आणि मीठ हिम पडण्यापूर्वीच घाटात असणे आणि जड वाहने पायथ्याशीच थांबवणे. पश्चिमी विक्षोभ काही आकाशातून अचानक कोसळत नाही. तो भूमध्य समुद्राकडून येतो आणि हवामान खात्याला आधी दिसतो.

मग या दोन्ही वर्षी शासन होते कोठे? ते प्रवासात होते! १८७२ साली महाराजा रणबीरसिंहांच्या काळात सुरू झालेल्या ‘दरबार मूव्ह’नुसार ऑक्टोबरअखेरीस श्रीनगरचे सचिवालय बंद होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते जम्मूत उघडते. म्हणजे ज्या आठवड्यात पहिला हिमाघात होण्याची भीती असते, त्याच आठवड्यात निधी मंजूर करणारे सचिव आणि त्यांच्या फायलींचे गठ्ठे याच महामार्गावरून दक्षिणेकडे निघालेले असतात. विभागीय आयुक्त व जिल्हाधिकारी खोऱ्यातच असतात, हे मान्य. परंतु घरातील कर्ता पुरुषच बिऱ्हाड बांधत असताना छपराची डागडुजी कोण करणार? २०२१ मध्ये ही प्रथा बंद झाली आणि २०२५ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली. जम्मूच्या व्यापाऱ्यांना तिचा लाभ आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण प्रथा पुन्हा सुरू करताना हिवाळ्याच्या तोंडाशी या महामार्गाचे दायित्व कोणत्या अधिकाऱ्यावर राहील, हे सांगायला नको का?

हिमालयात हे असेच चालायचे, हा युक्तिवाद ऐकून घेण्याजोगाही नाही. त्याच पर्वतरांगेत, श्रीनगर-लेह मार्गावर साडेअकरा हजार फुटांहून उंच झोजिला खिंड आहे. पूर्वी ती वर्षातील पाच-सहा महिने बंद राहत असे. सीमा सडक संघटनेने २०२३ मध्ये ती ६८ दिवसांत, २०२४ मध्ये ३५ दिवसांत, तर २०२५ मध्ये ३२ दिवसांत खुली केली. हिम तेच, थंडी अधिक कडक, हिमकडे अधिक भयंकर. तेथे लडाखमधील जवानांच्या रसदीचा प्रश्न असतो, म्हणून प्रत्येक दिवस मोजला जातो. बनिहालच्या घाटात अडकलेल्या सामान्य प्रवाशाचा दिवस मात्र कोणी मोजत नाही.

आता बोगदे झाले, अशी पाठ थोपटली जाते. त्यात तथ्य आहे. २०१७ मध्ये चेनानी-नाशरी आणि २०२१ मध्ये काझीगुंड-बनिहाल बोगदा खुला झाला. ही कामे अभिमानास्पदच आहेत. पण २७ डिसेंबर २०२४ रोजी काय घडले? नव्या बोगद्यापासून काझीगुंडपर्यंत सुमारे दोन हजार वाहने हिमात रुतून बसली. बोगद्याच्या आत हिम पडत नाही, त्याच्या तोंडाशी पडते! कोट्यवधींचा बोगदा खणणाऱ्यांना त्याच्या दोन्ही टोकांना चार यंत्रे सज्ज ठेवता येऊ नयेत? त्या रात्री पर्यटकांना ऊब मिळाली ती आसपासच्या गावकऱ्यांनी उघडलेल्या घरांमुळे.

खोऱ्यात वर्षाला सुमारे २० लाख टन सफरचंद पिकते. त्यातले बरेचसे याच एका रस्त्याने दिल्लीच्या आझादपूर मंडईत आणि पुढे नवी मुंबईच्या वाशी बाजारात उतरते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये पावसाने हा महामार्ग खचला, तेव्हा हजारो मालमोटारींत फळ सडले. त्यानंतरच बडगामहून दिल्लीकडे सफरचंदांची पार्सल गाडी धावू लागली. काश्मीरचा लोहमार्ग तर जूनमध्येच देशाशी जोडला गेला होता. हंगामाच्या आरंभीच ती गाडी का सुटली नाही, याचे उत्तर बागायतदाराला अजून कोणी दिलेले नाही.

त्याच्या मागण्या काही आभाळाला भिडणाऱ्या नाहीत. १५ ऑक्टोबरपूर्वी घाटातील प्रत्येक ठाण्यावर यंत्रे, चालक व मीठ पोहोचावे. साखळीविना वाहन वर सोडू नये. पार्सल गाडीचे वेळापत्रक फळतोडणीआधी जाहीर व्हावे. आणि रस्ता बंद पडला, तर महामार्ग प्राधिकरण, वाहतूक पोलीस व कंत्राटदार यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी उत्तर देणाऱ्या एका अधिकाऱ्याचे नाव काझीगुंडच्या नाक्यावर ठळक अक्षरांत लावलेले असावे.