स्वतःपुरता कुकर

रात्री आठच्या सुमारास हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहावे. जेवणाची पार्सले घेऊन येणाऱ्या दुचाकींची ये-जा थांबत नाही. तिथून पौड ओलांडून ताम्हिणीच्या वाटेला लागले, की त्याच मुळशी तालुक्यात दुसऱ्या तऱ्हेची घरे भेटतात. मुले नोकरीसाठी शहराकडे गेलेली, मागे आई एकटी. रात्री काय खाल्ले, असे विचारले तर उत्तर बहुतेकदा ठरलेले : 'एकटीसाठी काय करायचं? चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली.' एकीकडे पैसा आहे, पण स्वयंपाकाची सवय नाही. दुसरीकडे हाताला पन्नास वर्षांची सवय आहे, पण ती फक्त इतरांसाठी वापरायची असा पक्का समज. शेगडी दोन्हीकडे थंडच.

एका माणसाचे जेवण म्हणजे खरे तर किती काम? अर्धी वाटी इंद्रायणी तांदूळ, पाव वाटी तूरडाळ. लहान कुकरमध्ये दोन डबे एकावर एक, डाळीत चिमूटभर हळद आणि हिंग. कुकरमधला दाब वाढला की आतले पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळते. त्यामुळे डाळ लवकर शिजते आणि इंधनही वाचते. तेवढ्या वेळात शेजारच्या शेगडीवर मेथी किंवा माठ लसूण घालून परतून होतो. पावसाळ्यात मुळशीच्या बांधावर टाकळा, कुर्डू उगवतात, त्या भाज्यांना तर पैसेही पडत नाहीत. वाटीभर दही धरून हिशेब केला तरी आजच्या भावाने तीस-चाळीस रुपयांच्या वर जात नाही.

आता पोषणाचे बोलू. अर्ध्या वाटी तांदळातून सहा ग्रॅम, पाव वाटी डाळीतून नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. दही आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी धरली, की आकडा वीसच्या घरात जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार साठ किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात. म्हणजे या एका साध्या ताटाने बराच पल्ला गाठला. शिवाय तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी पडते, ते तांदूळ देतो. वरणभातावर लिंबू पिळायची पद्धतही नुसत्या चवीसाठी नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतले आणि पालेभाजीतले लोह शरीराला अधिक घेता येते. मधुमेह असलेल्यांनी भात हातून पडेल तेवढा न घेता वाटीने मोजून घ्यावा, भाजी-डाळ वाढवावी. स्वतः रांधणाऱ्याला हे जमते. मिठाचेही तसेच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायचे असेल, तर चमचा आपल्याच हातात हवा. पार्सलच्या डब्यात किती पडले, ते कोणाला ठाऊक?

पण पोषण ही अर्धीच गोष्ट. इव्हान पावलोव्ह म्हटले की आपल्याला कुत्रा आणि घंटा आठवते. त्यांना १९०४ चे नोबेल मिळाले ते मात्र पचनक्रियेवरील कामासाठी. अन्न पोटात पोहोचण्याआधीच जठररस पाझरू लागतो, भूक आणि चव त्याला कारण होतात, हे त्यांनी दाखवून दिले. घरात हे दहा-पंधरा मिनिटे चालू असते. आधी डाळीचा वास, मग तडतडणारी मोहरी (दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, म्हणून ती उडते), मग हिंग-जिऱ्याचा घमघमाट. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी शिजताना जो वास घरभर पसरतो, त्यातला प्रमुख रेणू २-अॅसिटिल-१-पायरोलीन. बासमतीचा सुगंधही त्याचाच. इंद्रायणी हा आंबेमोहोराच्याच वंशातला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा वाण. बंद डब्यातून, मोबाइलकडे बघत खाल्लेल्या जेवणाला ही पूर्वतयारी मिळत नाही.

झ्युरिकमधील संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी पेय स्वतः तयार केले, त्यांना ते इतरांपेक्षा अधिक आवडले. आपण केलेले आपल्याला गोड लागते, हे आपल्या आज्यांना प्रयोगाशिवाय माहीत होते. मात्र त्याच प्रयोगात स्वतः करणारे प्यायलेही जास्त! म्हणून कुकर लावतानाच माप एका माणसाचे असावे.

पौडपलीकडच्या त्या आईची गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि नेमकी तेव्हाच ताटातली प्रथिने कमी होऊन चहा-बिस्किटे वाढतात. त्यातून अशक्तपणा, तोल जाणे, पडणे. घरी चार माणसे जेवायला असतील तर हीच बाई पाटावर बसून पोळ्यांची चवड लावील. स्वतःसाठी चूल पेटवणे तिला चैन वाटते, कारण लहानपणापासून तसेच शिकवले गेले. मुलग्यांना तर काहीच शिकवले नाही. तेच आता हिंजवडीत मोबाइलवर जेवण मागवतात. त्यांनी आईला फोन करून 'जेवलीस का?' एवढेच न विचारता 'काय केलंस?' असे विचारावे, आणि वरणाला पाणी किती घालायचे तेही विचारून घ्यावे. उत्तर देता देता तिलाही भूक लागेल.

भात उरलाच तर तो शेगडीशेजारी रात्रभर ठेवू नये. तांदळातल्या बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात परातीत पसरून गार करावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर मोजकाच लावावा. सकाळी कांदा, मिरची, मूठभर शेंगदाणे घालून त्याचा फोडणीचा भात होतो, वरून लिंबू आणि कोथिंबीर. चहा मात्र त्यानंतर तासाभराने घ्यावा, नाहीतर चहातले टॅनिन लोह अडवते.